डाव्या कानाशी

लिफ्टचं दार पुरतं उघडायच्या आतच नवऱ्यानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण काढलं आणि समोर जो पहिला माणूस दिसला त्याच्यापुढे डबा धरला. तो माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत चालला होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"घ्या हो, घ्या. तुमचेच उपकार आहेत."

"मी फक्त सिलिंडर आणतो."

"तेच म्हणतोय मी! तेच ओढत होती ही एकोणीस दिवस."

आणि नवऱ्यानं आपल्या हातानं दोन बिस्किटं त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली. बत्तीस वर्षं घरोघरी टपाल वाटलेला माणूस तो. वस्तू ज्याची त्याला मिळाल्याशिवाय पुढच्या दाराकडे वळायचं नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. आभार कुणाकुणाचे मानायचे याची त्यानं काल यादीच केली होती, आणि त्या यादीत लिफ्टवालाही होता. "सरकारी दवाखाना म्हणून आधी नाकं मुरडली होती मी," तो सगळ्यांना सांगत सुटला होता. "आता माझ्यासमोर कुणी नावं ठेवून दाखवावीत."

ती दोन पावलं मागे उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी याच मजल्यावरून ती चाकांच्या पलंगावर बाहेर पडली होती, तेव्हा तिला फक्त छत दिसलं होतं. आज चालत येताना कळलं की या जागेला भिंतीही आहेत, फिकट हिरव्या, आणि खिडक्यांना दुधी काच आहे, त्यामुळे बाहेरचं ऊन पाण्यातून आल्यासारखं आत येतं. पडदे शिवणं हा तिचा धंदा. दाराशी लोंबणाऱ्या पडद्याची खालची दुमड उसवलेली दिसली आणि तिची बोटं आपोआप तिकडे गेली. मग तिनं हात मागे घेतला. आज ती त्यासाठी आली नव्हती.

ती एक आवाज शोधायला आली होती.

दोन्ही फुफ्फुसं भरली होती, घशात नळी घातली होती, औषधं देऊन झोपवून ठेवलं होतं, असं नंतर सगळ्यांनी तिला सांगितलं. तिच्या लेखी ती झोपलेली नव्हतीच. ती पाण्यात होती. हनुवटीपर्यंत हिरवं पाणी, तळाशी चौकोनी फरशा आणि हाताशी एक भिंत. भिंत कोमट होती. ती धरून आपण किती वेळ आहोत, दिवस की वर्षं, काही कळायचं नाही. भीती वाटत नव्हती. फक्त फार दमायला व्हायचं, आणि वाटायचं, पुरे झालं, जावं खाली, त्या फरशांवर अंग टाकून निजावं. नेमका अशा वेळी डाव्या बाजूनं तो आवाज यायचा. बाईचा, हळू, जरासा घोगरा.

"आज मंगळवार. बाहेर ऊन आहे. आता तुमची पाठ पुसतेय." आणि खरोखरच पाठीवरून ओला फडका फिरायचा.

एवढं बोलून आवाजानं थांबायला हवं होतं. तो थांबायचा नाही.

"काल पुन्हा गेले पोहायला. क्लासात सगळी सात-आठ वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मी, चोपन्न वर्षांची, डोक्याला रबरी टोपी. एक पोरगी म्हणाली, आजी, घाबरू नका, मी आहे. हसू नका. तुम्ही कुठल्या हसताय म्हणा."

दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, तोंड पाण्यात घातलं, तीन आकडे मोजले. त्याच्या पुढच्या दिवशी, पाच मोजले. मग एकदा फडका नेहमीपेक्षा हळू फिरला, आणि आवाज म्हणाला, "माझी धाकटी बहीण खाणीच्या पाण्यात गेली. मी नऊ वर्षांची, ती सहा. मी काठावर होते. तिनं हात वर केला, मी ओरडले, पण उतरले नाही. मी तिथे होते हे घरात कुणालाच माहीत नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय." फडका पिळल्याचा आवाज. मग, "आता पाठ कोरडी करते."

त्यानंतर रोज एकच बातमी असायची. भिंत सोडवत नाही. शिकवणारा म्हणतो, दोन्ही हात काढा, पाणी तुम्हाला धरेल. हात निघत नाहीत. उद्या बघू.

त्या 'उद्या'साठी ती वर राहिली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं. मरणाशी झुंज वगैरे डॉक्टर म्हणाले तसलं तिला काही आठवत नव्हतं. तिला फक्त पुढे काय झालं ते ऐकायचं होतं, आणि त्यासाठी उद्यापर्यंत आपलीही भिंत धरून ठेवणं भाग होतं. मग एके दिवशी कुणीतरी घशातली नळी ओढून काढली, लख्ख उजेड झाला, खोकल्यानं जीव कासावीस झाला, आणि संध्याकाळच्या आत तिला खालच्या मजल्यावर हलवलं. तिथे नवऱ्यानं मोठ्या मायेनं तिच्या उजव्या कानात ऐकायचं मशीन बसवून दिलं. जग पुन्हा खणखणीत झालं. आवाज मात्र परत आला नाही.

"औषधांनी असं होतं," डॉक्टर म्हणाले होते. "एका पेशंटला तर खोलीत बदकं फिरताना दिसायची."

नवऱ्यानं तर मुळावरच घाव घातला. "तुला ऐकू कसं येईल? मशीन माझ्या खिशात होतं. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, मशीन काढलं की हिला ढिम्म ऐकू येत नाही. पलंगाच्या वर तशी पाटीसुद्धा लावली होती त्यांनी."

खरी गोष्ट अशी होती की तिचा उजवा कान कामातून गेलेला होता, डावा नव्हे. डाव्या कानाला जवळून, हळू बोललेलं चांगलं ऐकू यायचं. नवरा मात्र लग्नापासून तिच्या उजव्या बाजूला झोपत आला होता आणि उजव्या कानातच ओरडत आला होता, आणि मशीन नसलं की ही ठार बहिरी, असा त्याचा ठाम समज होता. तिनं तीस वर्षं तो समज तसाच राहू दिला. संसारात त्याचा फार उपयोग होतो.

आता तोच समज तिच्या अंगावर उलटला होता. घरी आल्यापासून ती नीट जेवत होती, शिलाईला बसत होती, तरी पुरती घरी आलेली नव्हती. काम करता करता सुई थांबायची. तो आवाज खरा नसेल तर त्या पाण्यात आपण एकोणीस दिवस एकट्याच होतो, हा विचार आला की ती शिलाई बाजूला ठेवून दारात जाऊन बसायची. खरा असेल तर कुणीतरी होतं. एवढंच कळायला हवं होतं. आणि जमलं तर, ती भिंत सुटली का.

वॉर्डाच्या दारात दोघांना पायांत निळ्या पिशव्या चढवाव्या लागल्या. आत आठ पलंग, आठ पडदे, आणि यंत्रांची टिकटिक. एका तरुण नर्सनं तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि एकदम तोंडावर हात ठेवला.

"सहा नंबर! अगं, सहा नंबर चालत आल्यात!"

चौघी-पाच जणी गोळा झाल्या. कुणी तिचा हात धरला, कुणी मानेवरची सुईची खूण बघितली. नवऱ्याला तर काय, मोकळं रानच मिळालं. त्यानं डबा फिरवला, यादी काढली, आणि एकेकाला समोर उभं करून आभार मानू लागला. व्यायाम करून घेणाऱ्या पोऱ्याचे वेगळे, फरशी पुसणाऱ्या मावशींचे वेगळे. "मावशी, मी त्या बाकड्यावर बसलेला असायचो तेव्हा तुम्ही माझ्या पायाखालची फरशी पुसताना पाय वर करा असं कधी म्हणाला नाहीत. वळसा घालून पुसायचात." एवढं म्हणताना त्याला चष्मा काढावा लागला. मावशी ओशाळल्या. "झोप लागलेली असायची तुम्हाला, म्हणून," त्या म्हणाल्या.

ती सगळ्यांकडे बघून हसत होती, मान डोलावत होती आणि कान देऊन ऐकत होती. मशीनमधून प्रत्येक आवाज पत्र्यावरून आल्यासारखा यायचा. ही नव्हे. ही फार लहान आहे. ही भरभर बोलते. मावशी नव्हेत. एकेक आवाज बाद होत गेला तसं तिचं हसू नुसतं चेहऱ्यावर उरलं.

"दारात घोळका नको!" मागून असा कडक आवाज आला की नवऱ्यानंही डबा बंद केला. "गप्पा मारायच्या तर बाहेर. तीन नंबरचं सलाईन कोण बघणार, मी?"

पोरी पांगल्या. "फौजदारीण," एक जण जाता जाता तिच्या कानाशी पुटपुटली. "आमच्या मुख्य सिस्टर. तुम्हाला आठवायच्या नाहीत, पण तुमचं सकाळचं सगळं त्याच करायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. कामावर असताना कधी बसत नाहीत." मग भिंतीवरच्या एका कागदाकडे बोट केलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पेशंट शुद्धीत असो वा नसो, बोलल्याशिवाय हात लावू नये. वार सांगावा. हवा सांगावी. काय करणार ते सांगावं. "त्यांचाच नियम. पाटी लावलेली असली तरी तुमच्याशीसुद्धा बोलायला लावायच्या. मी एकदा म्हटलं, सिस्टर, यांना ऐकूच येत नाही. तर म्हणाल्या, मग तर बिनधास्त बोला."

म्हणजे याच? पण तो मघाचा आवाज? तो तर कानशिलं तापवणारा होता. सिस्टर तोवर दोन नंबरच्या पडद्याआड गेल्या होत्या. ती हळूच तिकडे सरकली, पडद्याला डावा खांदा लागेल इतकी जवळ, आणि उभी राहिली.

"आज गुरुवार," पडद्यामागून आवाज आला. "बाहेर ढग आलेत. आता नळी साफ करतेय. जरासं टोचेल, मग बरं वाटेल."

तोच आवाज. हळू, जरासा घोगरा.

ती पडद्याला धरून उभी राहिली. डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत. कुणीतरी होतं. रोज होतं. तिला पडदा सारून आत जावं, त्या बाईच्या गळ्यात पडावं आणि सगळं, अगदी रबरी टोपीपासून सगळं, धडाधड बोलून टाकावं असं वाटलं. शब्द तर दोन महिने तयार होते.

पडदा सरकला. सिस्टर बाहेर आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, हातमोजे काढता काढता त्या थबकल्या.

"सहा नंबर," त्या म्हणाल्या. पुन्हा तोच सगळ्यांसाठीचा कडक आवाज. "बऱ्या आहात?"

"तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे कशानं? सगळा वॉर्ड होता." मग त्यांची नजर तिच्या ओल्या डोळ्यांवर गेली, तिथून उजव्या कानातल्या मशीनवर, आणि दोन नंबरच्या पडद्यावर. मोजे काढायचे हात थांबले. "तुम्हाला इथलं… काही आठवतं का? त्या दिवसांतलं?"

प्रश्न गरजेपेक्षा मोठ्यानं विचारला गेला होता. पलीकडे सलाईन लावणाऱ्या पोरीनं मान वर केली. नवराही डबा घेऊन जवळ आला. सिस्टरच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण अंगठा मोज्याच्या कडेची पुन्हा पुन्हा घडी घालत होता, उलगडत होता.

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं. नवऱ्याचं हसणं बंद झालं असतं, डॉक्टरांची बदकं उडाली असती. आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीला, जिला पंचेचाळीस वर्षांत कुणी काठावर पाहिलं नव्हतं, ह्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहावं लागलं असतं.

"छे हो," ती म्हणाली. "मशीन काढलेलं होतं ना. एक अक्षर ऐकू आलं नाही."

"मी काय सांगत होतो!" नवरा खूश होऊन म्हणाला. "दोन महिने माझं डोकं खाल्लं हिनं, कुणीतरी बोलायचं, कुणीतरी बोलायचं!"

"भास व्हायचे," ती म्हणाली.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला तो सरळ दिसला. खांदे खाली आले, मोजे कचऱ्याच्या डब्यात पडले. पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं, आणि ते समाधान नव्हतं. घरी कुणी वाट बघत नाही हे माहीत असलेला माणूस कुलूप काढताना दिसतो, तशा त्या क्षणभर दिसल्या.

"आलाच आहात तर बीपी बघते," त्या म्हणाल्या. "या आत. तुम्ही बाहेर थांबा," हे नवऱ्याला. नवऱ्याला अजून एक्स-रेवाल्याकडे जायचंच होतं.

बाजूची खोली लहान होती. एक टेबल, दोन स्टुलं, मोठी पांढुरकी खिडकी. ढग सरकले असावेत, कारण काचेतून हिरवट उजेड हळूहळू आत भरत होता आणि छतावर हलत होता. ती स्टुलावर बसली, हात टेबलावर ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं उजव्या कानातलं मशीन काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

"शिट्टी वाजते यात," ती सिस्टरना म्हणाली. "काही सांगायचं असलं तर खूण करा."

तिला तो आवाज एकदा मशीनशिवाय ऐकायचा होता, तेव्हा ऐकला होता तसा. आणि त्या बाईला दाखवायचं होतं की आपल्या कानाचं दार लागलेलं आहे, आत काही येत नाही. दुसरी कुठलीही भेट तिला सुचली नसती. बिस्किटं तर नवऱ्यानं वाटलीच होती.

सिस्टर डाव्या बाजूला आल्या. नियम तो नियम. दंडाला पट्टा गुंडाळण्याआधी त्या बोलल्या.

"आज गुरुवार. ढग होते, आता ऊन पडलंय. बीपी बघतेय."

ती खिडकीकडे बघत राहिली. चेहरा कोरा ठेवणं किती कठीण असतं हे तिला आजच कळत होतं. पट्टा गुंडाळला गेला. रबरी फुगा दाबल्याचा फुस्स फुस्स आवाज. मग तो थांबला.

"बऱ्या दिसताय," आवाज म्हणाला, अगदी कानाशी. "खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुम्ही उठाल. रोज यायचे ते आज पलंग रिकामा दिसेल अशा तयारीनंच यायचे. तुम्ही असायचात." फुस्स फुस्स. "तुम्ही गेल्यापासून माझी पंचाईतच झाली. बाकीच्यांना ऐकू येतं. त्यांना वार सांगते, हवा सांगते, आणि गप्प बसते. घरी भिंतींना सांगून बघितलं. नाही जमत. तुमचे आभार मानायचे राहिले होते, तेवढे मानते. हात आवळू नका असा, सैल सोडा."

तिनं हात सैल सोडला.

सोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं.

पट्ट्यातली हवा हळूहळू निघून गेली. सिस्टर त्या हाताकडे बघत होत्या. टेबलावर तो हात उताणा पडला होता, बोटं मोकळी, सांगितलं तसा. तिचे कान गरम झाले. गेलं सगळं, तिला वाटलं. एवढं सांभाळलं आणि शेवटी हातानंच घात केला. तोंडाला कुलूप लावलं होतं, हाताला कुठून लावणार? आता ही बाई उठेल, दार उघडेल, आणि पुन्हा कधी कुणाशी हळू बोलायची नाही.

तिनं मान वळवली नाही.  सिस्टरनी पट्टा सोडला, नीट गुंडाळला, आकडा कागदावर लिहिला. पेन खिशाला लावलं. बाहेर कुणीतरी हाक मारली, "सिस्टर!" आणि त्यांनी उत्तर दिलं नाही.

मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. कामावर असताना कधी बसत नाहीत असं ज्यांच्याबद्दल पोरी सांगत होत्या, त्या सिस्टर तिच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. बराच वेळ दोघीही त्या हलणाऱ्या उजेडाकडे बघत राहिल्या.

"कुठपर्यंत सांगितलं होतं मी?" सिस्टरनी विचारलं. आवाज तोच होता, हळू.



"दोन्ही हात भिंतीला होते तुमचे."

सिस्टरनी मान हलवली. मांडीवरचे आपले हात उलटे केले, सुलटे केले.

"एक सोडलाय," त्या म्हणाल्या.